हाड पोखरणारी पेशी हाडाला चिकटते कशी?



पन्नाशीनंतर साधे घसरले तरी मनगट किंवा खुबा मोडतो. घरचे म्हणतात, वय झाले. पण आत काय घडते ते समजून घेऊ.

हाड दगडासारखे निर्जीव नसते. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण १० टक्के भाग दरवर्षी नवा होतो. जुने हाड काढणाऱ्या पेशीला ऑस्टिओक्लास्ट म्हणतात, नवे हाड भरणाऱ्या पेशीला ऑस्टिओब्लास्ट.

ऑस्टिओक्लास्ट आधी हाडाला घट्ट चिकटते. तिच्या अंगावरची इंटेग्रिन नावाची प्रथिने हाड पकडतात आणि कडेने बंद कडे तयार होते, ताटावर पालथी वाटी दाबून बसवावी तसे. त्या बंद जागेत ती आम्ल सोडते, कॅल्शियम विरघळते. मग कॅथेप्सिन-के हे विकर उरलेली प्रथिनांची जाळी तोडते. पकड नसेल तर आम्ल एका जागी साठत नाही, हाड पोखरले जात नाही.

पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटते. या पेशी वाढतात, जास्त दिवस जगतात. एक खड्डा भरण्याआधी दुसरा पडतो. बिसफॉस्फोनेट गोळ्या या पेशींची पकडच ढिली करतात. त्या डॉक्टरांनी दिल्या तरच घ्याव्यात. उपाशीपोटी, पेलाभर पाण्यासोबत, आणि नंतर अर्धा तास आडवे होऊ नये.

आम्ही वस्तीत सांगतो : नाचणी, तीळ, दूध, सुकट खा, ऊन घ्या, चाला. हाड मोडलेल्या आईला ‘वय झाले’ म्हणून घरी बसवू नका. सरकारी रुग्णालयात हाडांच्या तपासणीबद्दल विचारा. दुःखाला कारण असते आणि कारणावर उपाय असतो, हे तथागतांनीच शिकवले आहे.