फोन कसा धरायचा, हे धरणाऱ्यानं ठरवावं

चि. सोनू,


यादी उभी, व्हिडिओ आडवा आणि व्हिडिओवरून मागे आलं की यादीही आडवीच राहते, ही तुझी अडचण कळली. वैतागून तू सगळं ॲपच उभं लॉक करायला निघाली आहेस. तसं करू नकोस.

तुझ्या अँड्रॉइड ॲपमध्ये ॲक्टिव्हिटी एकच आहे आणि स्क्रीन म्हणजे फ्रॅगमेंट. व्हिडिओच्या फ्रॅगमेंटनं मागितलेली आडवी दिशा त्या ॲक्टिव्हिटीला चिकटते. फ्रॅगमेंट गेला तरी ती आपोआप सुटत नाही. खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवावा, तशी निघताना ती मागणी मागे घे. आयफोनवर सहसा आतल्या स्क्रीनला नव्हे, तर त्याला धरून ठेवणाऱ्या नॅव्हिगेशन कंट्रोलरला दिशा विचारली जाते. तिथं उत्तर त्याच्याकडूनच जायला हवं.

दुसरी गोष्ट माहितीची. फोन फिरला की अँड्रॉइड चालू ॲक्टिव्हिटी मोडून नवी उभारतं. नुसत्या व्हेरिएबलमध्ये ठेवलेलं सगळं तिच्याबरोबर जातं. म्हणून स्क्रीनची माहिती व्ह्यूमॉडेलमध्ये ठेव. पण सिस्टिमनं प्रोसेसच बंद केली, तर व्ह्यूमॉडेलही उरत नाही. त्यासाठी निवडलेली ओळ, अर्धवट मजकूर अशा मोजक्या गोष्टी सेव्ह्ड स्टेटमध्ये जपायच्या. मॅनिफेस्टमध्ये कॉन्फिगचेंजेस लिहून पुनर्बांधणी टाळता येते, पण प्रोसेस बंद झाल्यावर ती युक्ती कामाची नाही.

आता लॉकबद्दल. कुणाचा फोन व्हीलचेअरला आडवा पक्का बसवलेला असतो. त्या माणसाला मान वाकडी करून तुझी यादी वाचावी लागेल. म्हणूनच 2018 च्या डब्ल्यूसीएजी 2.1 या सुगम्यतेच्या निकषांनी सांगितलं आहे, की पियानोच्या ॲपसारखी खरी गरज नसेल तर एकाच दिशेची सक्ती करू नये. शिवाय अँड्रॉइड 16 साठी बांधलेल्या ॲपचा असा लॉक लहान बाजू 600 डीपी किंवा त्याहून मोठी असलेल्या स्क्रीनवर सिस्टिम सहसा मानत नाही. गेम्सना तेवढी सूट आहे. म्हणजे टॅबलेटवर तुझी यादी आडवी दिसणारच. ती नीट दिसेल अशी मांडणी आत्ताच कर.

ॲप बाहेर देण्याआधी फॉर्म अर्धा भर, फोन फिरव, व्हिडिओ उघड आणि मागे ये. मग डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ चालू करून हेच पुन्हा कर, पण मध्ये एकदा होमवर जाऊन परत ये. लिहिलेलं एक अक्षरही हरवलं, तर ॲप अजून तयार नाही असं समज.

तुझी,
मावशी