अडलेला बोल्ट

(मोटारीच्या इंजिनात गच्च बसलेला आणि डोके झिजून गोल झालेला बोल्ट कसा काढतात, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मुंबईत कुर्ल्यासारख्या भागात रस्त्याच्या कडेने मोटार दुरुस्तीची लहान लहान गॅरेजे दिसतात. तुमच्या गावातही असे एखादे गॅरेज असेलच. तेथे मुख्य कारागिराला सगळे ‘उस्ताद’ म्हणतात. हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. ‘अवजार’ आणि ‘पेच’ हे शब्दही तुम्हांला नवे वाटणार नाहीत. गॅरेजात उर्दू आणि मराठी यांची चांगली मैत्री असते.

समजा, अशा गॅरेजात भाड्याने चालणारी एक जुनी मोटार आली आहे. इंजिन फार तापते. थर्मोस्टॅट बदलायचा आहे. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी लहानशी झडप. तिच्यावर एक झाकण असते आणि ते दोन बोल्टांनी बसवलेले असते. पहिला बोल्ट सहज निघाला. दुसऱ्यावर शिकाऊ मुलाचा पाना सटकला.

“उस्ताद, बोल्ट फिरतच नाही. पाना नुसता घसरतोय.”

“थांब बेटा, आणखी जोर लावू नकोस. कोणता पाना घेतलास?”

“दहा-अकराचा.”

“आणि लावलंस कोणतं टोक? हे तर अकराचं आहे! बोल्टचं डोकं दहाचं आहे.”

“पण उस्ताद, गिऱ्हाईक बाहेर थांबलंय.”

“थांबू दे. बोल्ट आत तुटला, तर त्याला दोन दिवस थांबावं लागेल.”

उस्तादांचे बोलणे खरे आहे. गाडी एक दिवस उभी राहिली, तर चालकाची एका दिवसाची कमाई बुडते. बोल्ट इंजिनात तुटला, तर कधीकधी इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, उतरवावा लागतो. बोल्टची किंमत थोडी, पण दुरुस्तीचा खर्च मोठा!

बोल्टच्या डोक्याला सहा कोपरे असतात. पाना बरोबर मापाचा असेल, तर तो डोक्याच्या सपाट बाजूंना धरतो. मोठा असेल, तर फक्त कोपऱ्यांना लागतो आणि त्यांना खरवडतो. दोन-तीन वेळा असे झाले की डोके गोल होते. बारा कोनी गोटी लावायला सोपी असते, पण तीही कोपऱ्यांजवळच धरते. म्हणून अडलेल्या बोल्टला सहा कोनी गोटीच चांगली.

पण बोल्ट मुळात अडतो का? लोखंडाला गंज चढला, की तो गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. आट्यांमधली बारीकशी फट त्याने भरून जाते. शिवाय पुष्कळ इंजिनांचे हेड ॲल्युमिनियमचे असते आणि बोल्ट पोलादी. दोन वेगळे धातू आणि त्यांत पाणी, म्हणजे ॲल्युमिनियम खराब व्हायला लागते. तेथे पांढरी भुकटी जमते आणि बोल्ट जणू डिंकाने चिकटवल्यासारखा बसतो.

आता जोराचा हिशेब पाहा. आपला बोल्ट ६ मिलिमीटर जाड आहे. २० सेंटीमीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर सुमारे ५ किलो वजनाइतका जोर दिला, तर एवढा बोल्ट पुरेसा कसला जातो. त्याच टोकावर २० किलोंचा जोर पडला, तर साधा बोल्ट पिळून तुटतो. घाईत असलेला मुलगा पान्यावर ओणवा होतो, तेव्हा २० किलो सहज भरतात.

म्हणून उस्ताद सौम्य उपायापासून सुरुवात करतात. हा उपाय फसला तरी पुढचा करता आला पाहिजे, एवढे ते पाहतात. इंजिन थंड होऊ देतात. तारेच्या ब्रशने घाण काढतात. गंज सोडवणारे तेल बोल्टच्या मुळाशी सोडतात आणि वाट पाहतात. एक तास बरा, एक रात्र त्याहून बरी. ही वाट पाहणेच सर्वांत कठीण असते. मधूनमधून ते डोक्यावर हातोडीने हलके ठोके देतात. त्यामुळे गंजाला तडे जातात आणि तेल आत उतरते.

नंतर ३/८ इंचाची, म्हणजे सुमारे ९.५ मिलिमीटरची, सहा कोनी गोटी घेऊन ती गोल झालेल्या डोक्यावर ठोकून बसवतात. गोटी गच्च बसली, की बोल्ट आधी किंचित कसायच्या दिशेने आणि मग सोडायच्या दिशेने फिरवतात. तो थोडासा हलला, तरी काम निम्मे झाले! पुन्हा तेल, पुन्हा मागेपुढे.

तरीही तो हटला नाही, तर कानशीने डोक्याच्या समोरासमोरच्या दोन बाजू सपाट करून लहान पाना लावतात किंवा व्हाइस ग्रिपने डोके पकडतात. या पकडीचा जबडा घट्ट मिटून तसाच अडकून राहतो. डेन्मार्कहून अमेरिकेत गेलेल्या विल्यम पीटरसन नावाच्या लोहाराने तिचे पेटंट १९२४ साली मिळवले.

उष्णतेचाही उपयोग होतो. सारखेच तापवले, तर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे बोल्टचे भोक सैल होते. मात्र येथे जपावे लागते. ॲल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याआधी ते लोखंडासारखे लालबुंद दिसत नाही. जवळ पेट्रोलची नळी असेल, तर ज्योत लावायचीच नाही. काही कारागीर डोक्यावर एक नट ठेवून तो वेल्डिंगने जोडतात. बोल्टला नवे डोके मिळते आणि उष्णताही मिळते. त्याआधी बॅटरीची तार सोडावी लागते.

शेवटचा उपाय म्हणजे ड्रिल. त्यासाठी डोळ्यांवर चष्मा हवाच. ड्रिलने फक्त डोके उडवले, की झाकण वर उचलता येते. मग उरलेला तुकडा बाहेर डोकावतो आणि बहुधा पकडीने निघतो, कारण डोक्याचा ताण गेलेला असतो. बोल्ट भोकाच्या आतच तुटला, तर मात्र मोठी अडचण. त्याच्या बरोबर मध्यभागी भोक पाडून उलट्या आट्यांचे अवजार आत घालतात. ते अवजार फार कठीण पोलादाचे असते. ते आत मोडले, तर साधे ड्रिलही त्याला कापू शकत नाही. जुने उस्ताद त्याला हात लावण्यापूर्वी दोनदा विचार करतात.

आपला बोल्ट मात्र ठोकलेल्या गोटीनेच निघाला. उस्तादांनी भोकातले आटे साफ केले. नवे गास्केट लावले. नव्या बोल्टला थोडे ग्रीस लावून तो आधी हाताने आणि मग दहाच्या टोकाने बसवला. मुलाने रेडिएटरमध्ये पाणी भरले, इंजिन सुरू केले आणि झाकणाखालून थेंब येतो का, ते तो वाकून पाहू लागला.

शब्दार्थ
आटे – बोल्टवरील चुड्या
शिकाऊ – काम शिकणारा
गिऱ्हाईक – ग्राहक
कानस – लोखंड घासण्याचे अवजार, रेती
किंचित – अगदी थोडे
ओणवा होणे – पुढे वाकणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) शिकाऊ मुलाने पान्याचे कोणते टोक लावले होते?
(आ) थर्मोस्टॅट म्हणजे काय?
२. बोल्ट अडण्याची कारणे तुमच्या शब्दांत लिहा.
३. उस्ताद ड्रिलचा उपाय शेवटी का ठेवतात?
४. जवळच्या गॅरेजात जाऊन पाच अवजारांची नावे मराठीत आणि उर्दूत लिहून आणा.