बीजं संपली नव्हती

"मले वाटलं, माही सारी अंडी काढून घेतली असन." चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावची एक बाई हे सांगते तेव्हा आवाज खाली जातो, दार लोटलेलं असलं तरी. मुलगी शाळेत जायला लागली, दुसऱ्यासाठी घरचे वाट पाहत होते आणि दिवस काही राहत नव्हते. त्याआधी नागपूरला घरकाम करत असताना तिनं दोनदा स्त्रीबीज दिलं होतं. सोबतच्या एका बाईनं नेलं. रोज पोटात सुई, अशा दहा-बारा दिवस सुया, मग थोड्या वेळाची भूल आणि हातात पाकीट. चिखलात वाकून रोवणी केलेल्या बाईला त्या पाकिटाची ओढ समजावून सांगावी लागत नाही.

दुसऱ्या खेपेला पोट मडक्यासारखं फुगलं. लघवी कमी झाली, अंगात ताप भरला. ती मूलला परतली, पण सुयांचं कोणाला बोलली नाही. नवऱ्याला नाही, डॉक्टरलाही नाही. तीन दिवस गॅसच्या गोळ्यांवर गेले.

बीजं संपली असतील, या तिच्या भीतीचं उत्तर खरं तर सोपं आहे. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयात दहा ते वीस लाख बीजं असतात. पाळी सुरू होईपर्यंत तीन-चार लाख उरतात. दर महिन्याला त्यातली काही वाढीला लागतात, एक पिकतं, बाकीची आपोआप जिरून जातात. सुयांमुळे ही जिरणारी बीजंच पिकतात. म्हणजे पुढच्या महिन्यांचा साठा त्यात खर्ची पडत नाही. ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी 2012 मध्ये स्त्रीबीज दिलेल्या बायकांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. पुढे ज्यांना मूल हवं होतं, त्यातल्या बहुतेकींना ते झालं. मूलच्या बाईची एएमएच ही बीजांचा साठा दाखवणारी तपासणीही चांगली आली. बीजं होती.

बंद होत्या त्या नळ्या. नळ्यांच्या एक्स-रेत दोन्ही बाजूंनी औषध पुढे सरकलंच नाही.

बीज काढण्याची सुई योनीमार्गातून अंडाशयात जाते. आत आधीच जंतू असतील तर ते तिच्याबरोबर वर जाऊ शकतात, ओटीपोटात पू होऊ शकतो आणि नळ्या चिकटतात. असं क्वचित होतं, पण होतं. तिच्या नळ्या त्याच सुईनं गेल्या, की आधीच्या संसर्गानं, की क्षयानं, हे आता कोणीच छातीठोक सांगू शकणार नाही. तिच्या अंगावरून पांढरं जात होतं, लग्नापासून. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं. पांढरं जातं का, हे मात्र कोणी विचारलं नाही.

आणि हा प्रश्न याच भागात खूप आधी विचारला गेला होता! स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या 650 बायका तपासल्या; 1989 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातून ते जगासमोर आलं. 92 टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि त्याआधी आतून तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के. अशा मुलखातल्या बाईला आतून न तपासता सुई लावणं हा हलगर्जीपणा आहे. याला दुसरा शब्द नाही.

काहींच्या तर जिवावर बेतलं. मुंबईत 2010 मध्ये 17 वर्षांची मुलगी बीज दिल्यानंतर दोन दिवसांत गेली. दिल्लीत 2014 मध्ये एका तरुण आईचा मृत्यू झाला. तामिळनाडूत इरोडला 2022 मध्ये उघड झालं की 16 वर्षांच्या मुलीची बीजं तिची आईच, खोट्या आधार कार्डावर वय वाढवून, विकत होती.

बीज देण्याबाबत जानेवारी 2022 पासून कायदा आहे. 23 ते 35 वयातली बाईच बीज देऊ शकते, तेही आयुष्यात एकदाच, आणि सातपेक्षा जास्त बीजं काढायची नाहीत. नोंदणी असलेल्या बीज-बँकेतूनच हे व्हावं लागतं आणि बीज घेणाऱ्या जोडप्यानं देणारीचा बारा महिन्यांचा विमा काढावा लागतो. विम्याचा कागद नाही, तर तिथून उठून यावं.

मूल, सावली, सिंदेवाहीकडच्या बायकांनी आणखी एक पाहावं: सिकलसेल, या भागात आढळणारा रक्ताचा आजार. सुयांनी अंडाशय फार सुजलं की रक्तातलं पाणी पोटात उतरतं आणि रक्त घट्ट होतं. सिकलसेलच्या रुग्णाला ते फार धोक्याचं. त्यामुळे सिकलसेलची तपासणी, आतली तपासणी आणि पांढरं जात असेल तर त्याचे उपचार, हे सगळं सुईच्या आधी. दिलेल्या प्रत्येक औषधाची चिठ्ठी आपल्याजवळ ठेवावी. मूलच्या बाईजवळ एकही नव्हती, म्हणून शेवटी चंद्रपूरच्या डॉक्टरांना अंदाजानं उपचार करावे लागले.

बीज काढल्यानंतर पोट झपाट्यानं फुगलं, लघवी कमी झाली, दम लागला किंवा ताप आला, तर सकाळची वाट पाहू नका. चंद्रपूर किंवा गडचिरोली, जे जवळ असेल ते मोठं रुग्णालय गाठा. आणि घरात कितीही लपवलं असलं, तरी डॉक्टरला सर्वात आधी सुयांचं सांगा.