रमाबाई सती का गेल्या?

जून उजाडला की आपण सगळेच पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात. हातात शाळेची यादी, डोक्यात ऑफिसची वेळ. वह्यांच्या गठ्ठ्यावर लेक हळूच एक कादंबरी ठेवते, माधवराव पेशवे आणि त्यांच्या पत्नी रमाबाई यांच्यावरची, रणजित देसाईंची 'स्वामी'. आपणही घेऊन देतो. मूल मराठी वाचतंय, याचाच केवढा आनंद!

मग एका संध्याकाळी, कणीक मळताना प्रश्न येतो, "आई, रमाबाई सती का गेल्या? कुणी थांबवलं का नाही?"

"तो काळच तसा होता गं. चल, पानं घे." सगळ्याच घरांत हे होतं. दिवसभराचा शीण असतो, आणि एवढ्याशा जिवाशी मरणाबद्दल काय बोलायचं, ही धास्तीही. पण तिचे डोळे भरलेले असतात. इतके दिवस ती रमाबाईंच्या सोबतीनं राहिलेली असते.

शिवाय ते उत्तर पुरत नाही. रमाबाई थेऊरला सती गेल्या १७७२ मध्ये. त्याच्या अठरा वर्षं आधी कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव होळकर पडले, तेव्हा सती निघालेल्या अहिल्याबाईंना सासऱ्यांनी, मल्हाररावांनी, अडवलं. पुढे १७६७ ते १७९५ राज्य अहिल्याबाईंनीच सांभाळलं. काळ एकच होता. लेकीला एवढं सांगा, कादंबरीतले संवाद लेखकाच्या कल्पनेतले असतात हेही सांगा, आणि मग तिला बोलू द्या. भाजी थोडी उशिरा झाली तरी चालेल.

मुलगा असेल तर त्यालाही जवळ बसवा. शिवराय, बाजीराव त्याच्यासाठी आणि ताराराणी बहिणीसाठी, अशी वाटणी आपल्याकडून नकळत होते. राजाराम महाराज १७०० मध्ये गेले, त्यानंतर औरंगजेबाच्या मरणापर्यंत सात वर्षं त्यांच्या पत्नी ताराराणींनी झुंज चालू ठेवली. हे त्यालाही थरारून टाकेल. नारायणराव पेशव्यांच्या खुनाच्या गोष्टीतला आनंदीबाईंचा 'ध चा मा' मात्र त्याला पाठ असतो. पेशवाई त्यांच्या पतीला, राघोबादादांनाही हवी होती, मग कारस्थानी म्हणून नाव एकटीचंच का, हे त्याला विचारून बघा. मला तर हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो.

मग गोष्ट शाळेपर्यंत आणा: वह्या घ्यायला आपण जातो त्याच बुधवार पेठेत, भिडे वाड्यात, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली. हे ऐकलं की मुलं राण्यांवरून थेट घरावर येतात: "मग आजीची शाळा का सुटली?" आपण गडबडतो, आजीला वाईट वाटेल म्हणून विषय बदलायला जातो. तसं करू नका. आजी समोरच बसलेली असेल, तर तिलाच सांगू द्या.