अतिसार आणि आतड्यांतील जीवाणू

आपल्या मोठ्या आतड्यात असंख्य जीवाणूंची वस्ती असते. त्यांतील बहुतेक उपद्रवी तर नसतातच, उलट ते आपल्या उपयोगी पडतात. लहान आतड्यात न पचलेला पिष्टमय पदार्थ आणि चोथा आंबवून ते आखूड साखळीची मेदाम्ले तयार करतात. ही अम्ले आतड्याच्या अस्तरातील पेशींचे पोषण करतात. शिवाय त्यांच्या शोषणाबरोबर मीठ व पाणीही शरीरात परत घेतले जाते. मोठ्या आतड्यात दररोज सुमारे दीड लिटर द्रव उतरतो. मलावाटे त्यातील जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर बाहेर पडतो.

अतिसारात ही व्यवस्था कोलमडते. पटकीचे जंतू लहान आतड्यात विष सोडतात. तेथून मीठ व पाणी यांचा जो लोंढा खाली येतो, त्याबरोबर हितकारक जीवाणूही वाहून जातात. मग मेदाम्ले घटतात आणि ज्या आतड्याने जादा पाणी शोषून घ्यावयाचे, तेच दुबळे ठरते. अशा रीतीने अतिसारामुळे वस्ती विस्कटते आणि वस्ती विस्कटल्यामुळे अतिसार बळावतो.

जलसंजीवनीतील ग्लुकोजबरोबर मीठ व पाणी लहान आतड्यात शोषले जाते आणि रुग्णाचे प्राण वाचतात. परंतु साध्या जलसंजीवनीने जुलाबांचे प्रमाण फारसे घटत नाही. वेल्लोर येथे बी. एस. रामकृष्ण व त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर जीवाणूंचेच साहाय्य घेतले. पटकीच्या ४८ रुग्णांचे तीन गट करून एका गटाच्या जलसंजीवनीत त्यांनी लहान आतड्यात न पचणारा मक्याचा स्टार्च, दर लिटरला ५० ग्रॅम, मिसळला. हा स्टार्च मोठ्या आतड्यातील जीवाणूंचे खाद्य होय. २००० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नुसती जलसंजीवनी घेणाऱ्यांपेक्षा या गटातील जुलाबांचे प्रमाण कमी होते व ते लवकर थांबले.

यावरून एक व्यावहारिक बोध मिळतो. जुलाब आटोक्यात येत नाहीत असे पाहून घरची माणसे धास्तावतात आणि प्रतिजैविकांचा आग्रह धरतात. ही औषधे रोगजंतू आणि हितकारक जीवाणू असा भेद पुरतेपणी करीत नाहीत. कित्येकदा त्यांच्या सेवनानेच अतिसार उद्भवतो. तीव्र पटकी किंवा रक्त पडणारी हगवण यांत डॉक्टर ती देतात, ते योग्यच होय. साध्या अतिसारात मात्र जलसंजीवनी, मुलांसाठी जस्ताच्या गोळ्या, तान्ह्यांना आईचे दूध आणि इतरांना नेहमीचे अन्न चालू ठेवणे, हाच उपचार होय.