महाराजबाग ते अजब बंगला : नाग नदीच्या सोबतीने एक दिवस

नागपूरला आलेला पाहुणा दीक्षाभूमीला जातो, संत्रा बर्फीचे डबे बांधून घेतो आणि ताडोब्याच्या गाडीत बसतो. या शहराच्या मधोमध एक नदी आहे, तिच्या काठी भोसल्यांची बाग आहे आणि बागेपासून किलोमीटरभरावर मध्य भारतातलं एक जुनं संग्रहालय आहे, हे त्याला सहसा कुणी सांगत नाही. खुद्द नागपूरकरही नदीला ‘नाग नाला’ म्हणतो, बाग म्हणजे लहान मुलांची सहल समजतो आणि अजब बंगला शाळेत असताना पाहिला होता एवढं सांगून मोकळा होतो. माझं म्हणणं असं, की या तिन्ही गोष्टी सुट्या बघू नका. एकाच दिवशी, एका ओळीत पाहिल्या तरच त्यांचा मेळ लागतो.

दिवस निवडताना सोमवार टाळा, त्या दिवशी संग्रहालय बंद असतं. मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्याचं धाडस कुणी करू नये. २३ मे २०१३ला इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असलं तर सिव्हिल लाइन्समध्ये पावलोपावली बॅरिकेड लागतात, मोर्चे निघतात, रस्ते वळवले जातात. तो आठवडा सोडून या.

सुरुवात सकाळी लवकर अंबाझरी तलावाला. मेट्रोच्या अ‍ॅक्वा मार्गिकेवर सुभाषनगरला उतरून ऑटो करता येतो. नाग नदी शहराच्या पश्चिमेला लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांत उगम पावते आणि या तलावातून शहरात शिरते. तलाव मुळात भोसल्यांच्या काळातला. इंग्रजी अमदानीत, १८७०च्या सुमारास, शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी तो वाढवला गेला. पक्षी बघायचे असतील तर वनखात्याच्या जैवविविधता उद्यानात जा आणि दुर्बीण सोबत ठेवा. बांधाच्या मजबुतीकरणाची कामं अधूनमधून निघतात, म्हणून बांधावरून फिरण्याचा बेत पक्का धरू नका. सांडव्याजवळ मात्र थोडं थांबा. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे काही तासांत धो-धो पाऊस झाला, तलाव भरून वाहिला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या घरांत पाणी घुसलं. सीताबर्डीच्या मोर भवन स्थानकात बसगाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. एरवी जिच्याकडे नाक दाबून बघायचं, ती त्या पहाटे पुन्हा नदी झाली होती.

इथून महाराजबाग चारपाच किलोमीटर. नदीकाठाने सलग पायवाट नाही, भिंतींच्या मधून ती वाहते आणि वास येतो. तेव्हा काठाकाठाने जाण्याची हौस नको. वाटेतल्या पुलांवरून बघावी. ती शुद्ध करण्यासाठी सुमारे १,९२७ कोटींचा प्रकल्प मंजूर झाला आहे. पायी येणं जिवावर आलं तर मेट्रोने झाशी राणी चौकात उतरा आणि उरलेलं चाला.

महाराजबागेच्या फाटकावर ‘प्राणिसंग्रहालय’ हा शब्द वाचून बहुतेकांची पावलं थेट पिंजऱ्यांकडे वळतात. माझा सल्ला उलटा आहे. प्राणीच बघायचे तर गोरेवाड्याला जा; तिथलं मोठं प्राणी उद्यान २६ जानेवारी २०२१ला सुरू झालं आहे. इथे आधी झाडं बघा आणि नदी कुठल्या बाजूने वाहते ते शोधा. भोसल्यांच्या राजधानीला बागांचा शौक होता. महाराजबाग, तुळशीबाग, पालडी, सक्करदरा, सोनेगाव, तेलंगखेडी, अशी बागांची माळच शहराभोवती होती. मुख्य वाडा महाल भागात, आणि गर्दीपासून दूर, पाण्याच्या जवळ, विसाव्यासाठी बागा. डिसेंबर १८५३मध्ये तिसरे रघुजीराजे निपुत्रिक वारले आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांनी राज्य खालसा केलं. १८६४ साली महालातला राजवाडा जळाला. बाग मात्र टिकली, कारण नव्या सरकारला तिचा उपयोग होता. १८९४मध्ये इथे प्राणिसंग्रहालय आलं, १९०६मध्ये शेजारी कृषी महाविद्यालय. राजांची विसाव्याची जागा शेतीच्या अभ्यासाची झाली. आजही बागेचा कारभार अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहे. महाराष्ट्रात राजाची बाग विद्यापीठाने सांभाळल्याची उदाहरणं फारशी नसावीत. तासभर तरी द्या. रविवारी दुपारी मात्र इथे जत्रा असते.

पुढे झिरो माइलच्या दिशेने निघा. कस्तुरचंद पार्कच्या आसपास तर्री पोहे मिळतात. हरभऱ्याचा लालभडक रस्सा वर ओतलेला असतो. पुण्या-मुंबईच्या माणसाने पहिल्यांदा तर्री कमी मागावी, मग हिमतीप्रमाणे वाढवावी. झिरो माइलचा खांब आणि चार घोडे यांच्यासमोर लोक ‘भारताचा मध्यबिंदू’ म्हणून फोटो काढतात. काढा बापडे, पण शेजारचा १९०७चा दगडही बघा. तो त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा, उंची मोजण्यासाठी पक्का केलेला संदर्भबिंदू आहे.

ऊन चढलं की मध्यवर्ती संग्रहालयात शिरा. लोकांच्या तोंडी तो अजब बंगला. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्या काळात, १८६३ साली तो सुरू झाला. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला एक घटना घडली, ती ठाऊक असली तर इथल्या दगडधोंड्यांकडे बघण्याची नजर बदलते. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी नागपूर परिसरात जीवाश्म, खनिजं आणि शिळावर्तुळं धुंडाळत फिरायचे. टेंपल यांच्यासोबत टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परतताना, बोरीजवळ पुराने फुगलेल्या पात्रात ते बुडाले. त्यांचे आदिवासी जमातींवरचे कागद टेंपल यांनीच १८६६मध्ये छापून आणले. जवळचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं.

आत पेंढा भरलेले प्राणी आहेत, शस्त्रं आहेत, चित्रं आहेत; मुलं तिथे रमतील. तुम्ही वेळ राखून ठेवा तो शिल्पांच्या आणि आदिवासी जीवनाच्या दालनांसाठी. वाकाटक म्हटलं की आपल्याला फक्त अजिंठा आठवतो. त्यांची दुसरी शाखा मात्र इथेच, रामटेकजवळच्या नंदिवर्धनात नांदत होती. नागपूर जिल्ह्यातल्या मांढळला सापडलेल्या त्या काळातल्या शैव मूर्ती ठेंगण्या, भरदार, काहीशा अनघड वाटतात. सुबकपणा शोधाल तर निराश व्हाल, पण ताकद जाणवेल. बालाघाटजवळच्या गुंगेरियाला १८७०मध्ये तांब्याची ४२४ हत्यारं आणि चांदीच्या १०२ वस्तू एकत्र सापडल्या होत्या. त्यातल्या काही या संग्रहात आहेत, बऱ्याच लंडनला गेल्या. फलक त्रोटक आहेत, त्यामुळे थोडं वाचून या. फोटो काढण्याआधी विचारा, तिकिटासाठी सुटे पैसे ठेवा.

सीताबर्डीचा किल्ला इथून जवळ दिसतो, म्हणून सगळे विचारतात. तो लष्कराच्या ताब्यात आहे. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट हे तीन दिवस सोडले तर आत जाता येत नाही.

अंगात अजून दम असेल तर दुपार कलल्यावर गाडी काढून काटोल रस्त्याने जुनापाणीला जा. संग्रहालयात ज्यांच्याबद्दल वाचलं तशी शिळावर्तुळं तिथे उघड्या माळावर आहेत. पुरातत्त्व खात्याचं संरक्षित ठिकाण आहे, दगडांवर चढू नका. सावली जवळपास नाही, पाणी सोबत न्या आणि अंधाराआधी परत फिरा. नाहीच जमलं तर फुटाळा तलावाच्या काठी भाजलेलं कणीस आहेच.