समाजात तर आपण राहतोच, मग समाजशास्त्रात शिकायचं काय?

प्रश्न : माझ्या मुलीने बारावीनंतर बी.ए.ला प्रवेश घेतला आणि मुख्य विषय म्हणून समाजशास्त्र निवडलं. इतिहास किंवा अर्थशास्त्र म्हटलं की काहीतरी डोळ्यांपुढे येतं, समाजशास्त्राचं तसं होत नाही. समाजात तर आपण जन्मापासून राहतो, मग पहिल्या वर्षी त्यात शिकवतात तरी काय? नातेवाईक म्हणतात, हा समाजसेवेचा कोर्स आहे. ते खरं का? आणि पुढे नोकरीचं काय?
— एक आई, बार्शी

उत्तर : नातेवाइकांचा गैरसमज आधी दूर करू, कारण तो फार पसरलेला आहे. समाजकार्य हे स्वतंत्र शिक्षण आहे. मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने त्यासाठी संस्था निघाली, तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. समाजकार्य शिकलेला माणूस वस्तीत, दवाखान्यात, बालगृहात जाऊन काम करतो. समाजशास्त्राचा विद्यार्थीही त्याच वस्तीत जाईल, पण ती तिथेच का वसली, तिथे कोण राहायला आलं आणि कोणाला येऊ दिलं नाही, हे शोधायला. दोघांना एकमेकांची गरज लागते, विषय मात्र दोन आहेत.

आता तुमचा मूळ प्रश्न. पहिल्या वर्षाचं पुस्तक चाळलंत तर शब्दांची रांग दिसेल : समूह, दर्जा, भूमिका, सामाजीकरण, सामाजिक नियंत्रण, स्तरीकरण. मग कुटुंब, विवाह, धर्म, शिक्षण या संस्था. सोबतीला कॉम्त, मार्क्स, डरखाईम, वेबर ही नावं. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पेपरांची नावं आणि क्रेडिटची गणितं बदलली, विद्यापीठागणिक थोडा फरकही पडतो, पण गाभा जवळपास सगळीकडे हाच. एकेका शब्दाची व्याख्या सांगत बसलं तर तुम्हीही कंटाळाल आणि विषयही हाती लागणार नाही. म्हणून यातली एकच संस्था घेऊ, जिच्यात तुम्ही-आम्ही सगळे अडकलेले आहोत : लग्न.

डिसेंबर २०२२ मध्ये तुमच्याच जिल्ह्यात, सोलापुरात, निघालेला मोर्चा तुम्हाला आठवत असेल. लग्नाळू तरुण बाशिंग बांधून, काहीजण तर घोड्यावर बसून, वाजतगाजत जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले. आम्हाला मुली मिळवून द्या आणि गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा कडक राबवा, ही त्यांची मागणी. त्याची तेव्हा बरीच थट्टा झाली. समाजशास्त्राच्या वर्गात ती होऊ नये, कारण पहिल्या वर्षाचा पहिला धडाच त्या तरुणांनी रस्त्यावर मांडला होता.

एखाद्या मुलाचं लग्न जमत नाही तेव्हा आपण त्याच्यात खोट शोधतो. शिक्षण कमी, स्वभाव तिरसट, पत्रिकेत मंगळ. एका गावात असे चाळीस-पन्नास जण दिसायला लागले की या उत्तरांवर भागत नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ साली 'द सोशिऑलॉजिकल इमॅजिनेशन' या पुस्तकात हाच फरक बेकारीच्या उदाहरणाने समजावला. लाखभर वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर त्याचं कौशल्य, त्याचा स्वभाव पाहावा. पाच कोटी कामगारांच्या देशात दीड कोटी बेकार असतील, तर एकेकाचा स्वभाव तपासून काहीही कळणार नाही.

मग तपासायचं काय? आधी आकडे. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. २००१ च्या जनगणनेत या गटात असलेली मुलं मोर्चाच्या वेळी साधारण एकवीस ते सत्तावीस वर्षांची, म्हणजे ऐन लग्नाच्या वयाची झाली होती. पण एवढ्याने कोडं सुटत नाही. मुली कमी असतील तर त्या सगळ्यांनाच सारख्या कमी पडायला हव्यात. तसं होत नाही. पुण्यात कायमची नोकरी असलेल्याकडे स्थळं चालून येतात आणि चार एकर कोरडवाहूवाल्याच्या दारात कोणी फिरकत नाही. मुलगी आपल्यापेक्षा बऱ्या घरी द्यावी ही जुनी रीत आहे. शेतीच्या उत्पन्नाचा भरवसा उडालेला आहे. मुली शिकल्या आहेत आणि पहाटेपासून गोठ्यात राबण्याला नाही म्हणू लागल्या आहेत, तो त्यांचा हक्कच आहे. एवढं सगळं असूनही स्थळ जातीतलंच हवं, हा हट्ट सुटलेला नाही. हे सगळं एकाच पिढीत एकत्र आलं, आणि एकेका घरातलं दुःख कलेक्टर कचेरीपर्यंत पोहोचलं. तुमच्या मुलीला पहिल्या वर्षी जे शिकायचं आहे त्यातला मोठा भाग हाच : माणसाच्या स्वभावावर खापर फोडण्याआधी, हे कोणाकोणाच्या बाबतीत घडतंय, किती प्रमाणात आणि कोणाच्या बाबतीत घडत नाही, हे विचारणं.

एक काम घरी करून पाहा. कपाटातली एखादी जुनी लग्नपत्रिका काढा आणि सावकाश वाचा. सगळ्यात वर कुलदैवत प्रसन्न, म्हणजे निमंत्रण दोघांच्या लग्नाचं असलं तरी पत्रिका कुळाची. खाली मुलगा 'चि.' आणि मुलगी 'चि. सौ. कां.' पुढे मुलाचं 'चि.' जाऊन 'श्री.' येईल आणि बायको असो वा नसो, ते तसंच राहील. मुलीच्या नावाआधी मात्र नवऱ्याचा हिशेब चालूच : आधी 'कु.', मग 'सौ.', आणि नवरा गेला की जुन्या पत्रिकांत 'गं. भा.' त्यानंतर 'कै. अमुक यांचे नातू', म्हणजे वंश पुरुषांकडून मोजायचा. आजीचं नाव सापडलं तर नशीब. निमंत्रकांच्या नावांपुढे कंसात सरपंच, चेअरमन, पी.एस.आय., इंजिनिअर. हा अर्जित दर्जा, कमावलेला. आडनाव हा अर्पित दर्जा, जन्माने पदरात पडलेला. दोन्ही गावांचे तालुके पाहा आणि अंतर मोजा. तळाशी चिमुरड्यांची किलबिल असते, आमच्या दादाच्या लग्नाला यायचं हं. ज्यांना लग्न म्हणजे काय ते कळत नाही त्यांनाही आपण कोणत्या घरचे आहोत हे तेव्हापासून शिकवलं जातं. याला पुस्तकात सामाजीकरण म्हणतात. पत्रिकेवर जात कुठेही छापलेली नाही, तरी वाचणाऱ्याला ती पहिल्या ओळींतच समजलेली असते.

न छापलेल्या याच अटीवर ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी एक निबंध वाचला. प्रा. गोल्डनवायझर यांचं मानवशास्त्राचं चर्चासत्र होतं. पुढच्या वर्षी निबंध 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला. त्याआधीच्या अभ्यासकांनी जातीची बरीच लक्षणं सांगितली होती : व्यवसाय, विटाळ, पंगतीची बंधनं. आंबेडकरांनी त्यातल्या एकावर बोट ठेवलं, अंतर्विवाह, म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. त्यांचं म्हणणं असं की कुळाबाहेर, गोत्राबाहेर लग्न करण्याचा नियम, म्हणजे बहिर्विवाह, भारतात सगळीकडे मुरलेला होता, आणि त्यावर अंतर्विवाहाचा नियम लादला गेला तेव्हा जात तयार झाली.

इथपर्यंत व्याख्या झाली. पुढची मांडणी पाहा. एखाद्या गटाने लग्नासाठी दारं बंद केली तर आत लग्नाच्या वयाच्या स्त्री-पुरुषांची संख्या जुळलेली राहायला हवी. नवरा मेला की बाई 'उरते', बायको मेली की पुरुष. उरलेल्या बाईने गटाबाहेर जाऊ नये आणि आतल्या एखाद्या कुमारिकेच्या वाट्याचा नवराही घेऊ नये, म्हणून सती आणि सक्तीचं वैधव्य. उरलेला पुरुष गटाला हवा असतो, त्याला वयात न आलेल्यांतली मुलगी द्यायची, म्हणून बालविवाह. शाळेत आपण सती, विधवांचे हाल, बालविवाह या तीन वेगवेगळ्या दुष्ट चाली म्हणून पाठ केल्या. हा तरुण विद्यार्थी दाखवतो की तिन्ही एकाच कुलपाच्या किल्ल्या आहेत. मला विचाराल तर पहिल्या वर्षी दुसरं काही वाचून झालं नाही तरी चालेल, हा निबंध मुलीने वाचावाच.

बहिर्विवाहाचं काम इरावती कर्व्यांनी पुढे नेलं. भारतभरच्या नातेसंबंधांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ सालचा. आपल्याकडे अनेक समाजांत मामाची मुलगी करायला हरकत नसते, उलट तिच्यावर हक्कच सांगितला जातो. आत्याची मुलगी मात्र टाळतात. उत्तर भारतात बहुतेक ठिकाणी मामेबहीण ही बहीणच, लग्नाचा विषयसुद्धा काढायचा नाही. दक्षिणेत अनेक ठिकाणी दोन्ही चालतात, आणि कित्येक समाजांत सख्ख्या बहिणीची मुलगीही. आपल्या रीतीमागचं सूत्र असं : भाची आत्याच्या घरी सून होऊन गेली तर मुलगी देणारं घर आणि घेणारं घर तेच राहतं. आत्याची मुलगी आपल्या घरात आणली तर जिथे मुलगी दिली तिथूनच मुलगी आली, आणि दोन घरांतला ठरलेला मान उलटा फिरला. हा नकाशा एकदा पाहिला की आपलं ते साहजिक आणि दुसऱ्याचं ते चमत्कारिक, ही सवय सैल होते.

इरावतीबाई बसल्या जागी लिहिणाऱ्यांतल्या नव्हत्या. पंढरीच्या वाटेवर त्या दिंडीबरोबर चालल्या आणि त्यावर लिहिलं. विठ्ठलाचं नाव घेत एकत्र चालणारी माणसं जेवायला मात्र जातीप्रमाणे वेगळी बसतात हे त्यांनी पाहिलं, त्याचं त्यांना दुःख झालं, आणि भक्तीचं वर्णन करताना त्यांनी ते झाकलं नाही. जवळ जाऊन पाहायचं आणि दिसलं ते लिहायचं, ही शिस्तही पहिल्या वर्षापासून लागायला हवी.

आणि हा काही परदेशातून आयता आलेला विषय नाही. भारतातला समाजशास्त्राचा पहिला विभाग १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठातच निघाला. पहिले प्रमुख स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस, आणि १९२४ पासून मालवणात जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये. इरावतीबाई, एम. एन. श्रीनिवास, ए. आर. देसाई हे सगळे घुर्यांचे विद्यार्थी. एका शिक्षकाच्या हाताखालून इतकी वेगवेगळ्या मतांची माणसं निघाली, याचं मला फार कौतुक वाटतं.

पाश्चात्त्य विचारवंतांपैकी एकाचं थोडं सांगतो. फ्रान्सच्या एमिल डरखाईम यांनी १८९७ मध्ये आत्महत्येवर ग्रंथ लिहिला. माणसाची याहून खासगी गोष्ट कोणती? पण त्यांनी सरकारी नोंदी धुंडाळल्या. त्यांचा भाचा मार्सेल मॉस याने सुमारे २६,००० नोंदी वय, लिंग, विवाह यांनुसार लावून दिल्या. प्रॉटेस्टंटांत प्रमाण कॅथलिकांपेक्षा जास्त निघालं, अविवाहितांत विवाहितांपेक्षा जास्त. माणूस इतरांशी किती बांधलेला आहे याचा इथे संबंध आहे, असं डरखाईम म्हणाले. पुढच्या अभ्यासकांनी विचारलं, पण नोंद केली कोणी? कॅथलिक घरांत असा मृत्यू लपवला जात नसेल कशावरून? ही शंका आपल्याकडे तशीच्या तशी लागू होते. जन्मभर शेतात राबलेल्या बाईच्या नावावर सातबारा नसेल, तर तिच्या आत्महत्येची नोंद शेतकऱ्याची म्हणून होईलच असं नाही. आकडा हवाच, पण तो कसा तयार झाला हेही माहीत हवं.

हे सगळं वर्गात असंच शिकवलं जातं का? अनेक ठिकाणी नाही, आणि त्याची खंत वाटते. व्याख्या लिहून द्यायच्या, परीक्षेच्या आदल्या रात्री गाईडमधून 'दर्जाचे प्रकार सांगा' पाठ करायचं आणि विषय संपला म्हणायचं. जो विषय शेजारच्या गल्लीत उभा आहे तो खिडकी बंद करून शिकवला जातो. म्हणून वर्गाबाहेरचं काम तुमच्या मुलीला स्वतः करावं लागेल.

नोकरीचं थोडक्यात. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेला समाजशास्त्र हा ऐच्छिक विषय घेता येतो. सर्वेक्षणं, ग्रामविकास, आरोग्य प्रकल्प, पत्रकारिता, अध्यापन या वाटा आहेत. नुसत्या बी.ए.वर यातलं फार काही मिळत नाही, पुढे एम.ए. आणि सोबत आकडेवारी हाताळण्याचं कौशल्य लागतं. हे तिला आत्ताच सांगा.

घरी दोन पुस्तकं आणून ठेवा. इरावतीबाईंचं 'मराठी लोकांची संस्कृती', आणि महाराष्ट्र शासनाने काढलेल्या आंबेडकरांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा पहिला खंड, ज्यात तो १९१६ चा निबंध आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिला चार पिढ्यांची वंशावळ काढू द्या, पण नेहमीसारखी फक्त पुरुषांची नको. घरात आलेल्या प्रत्येक सुनेचं माहेर, तिथलं अंतर, लग्नाच्या वेळचं वय आणि शिक्षण असं सगळं त्यात यावं. त्यात तुमचं नावही येईल. स्थळ कोणी आणलं, देणंघेणं काय ठरलं, तुम्हाला कोणी विचारलं होतं का, हे ती तुम्हाला विचारेल. खरी उत्तरं मिळाली तर तिचा पहिला प्रकल्प गाईडमधून उतरवलेल्या कुठल्याही प्रकल्पापेक्षा चांगला होईल.